आतला दोरा

ते साल एकोणीसशे ब्याऐंशी. शहराच्या पाणीखात्यात तेव्हा नकाशे अजून हाताने काढत असत, आणि तिला नुकतंच त्रेचाळिसावं लागलं होतं. दिवस मंगळवारचा, अकरा वाजून गेलेले. म्हणजे चहाचे पेले उचलून झाले होते आणि छताच्या काचेतून येणारा उजेड तिच्या तिरक्या टेबलावर पुरता पसरला होता. ट्रेसिंगच्या कापडावर ती एका नव्या नळाची रेघ ओढत होती. डाव्या हाताखाली पट्टी, उजव्या हातात शाईचं पेन आणि श्वास छातीत थांबवलेला, वीस वर्षं थांबवत आली होती तसा. रेघ अर्ध्यावर आली आणि रेघेलाच एक दात फुटला. पट्टीला चिकटून चाललेलं पेन केसभर बाहेर गेलं आणि पुन्हा जागेवर आलं, एवढंच. चालता चालता मुंगीने मान वळवून पाहावं एवढंसं. दुसऱ्या कुणाला ते भिंगाशिवाय दिसलं नसतं. तिला मात्र त्या दाताखेरीज कापडावर दुसरं काही दिसेना. तिने खणातून ब्लेड काढलं, दात खरवडला, खरवडलेली जागा नखाने घासून गुळगुळीत केली. शेजारच्या टेबलावरचे नाना चष्म्यावरून बघत होते. खात्यात तिला पट्टीबाई म्हणत, आणि हे नाव नानांनीच ठेवलेलं होतं. ते म्हणाले, "पट्टीबाई, आज शाई पातळ आहे वाटतं." ती म्हणाली, हो, पातळच आहे. शाई पातळ नव्हती. बाटली काल उघडली होती आणि तिनेच उघडली होती.

त्या दिवसापासून ती स्वतःच्या हातावर पाळत ठेवून राहू लागली. बसमध्ये दांडा धरला की हात बसबरोबर हलतोय की बसच्या आधी, हे बघू लागली. सुईत दोरा ओवून पाहिला. दुसऱ्या खेपेला गेला, पण ते डोळ्यांमुळेही असेल, या वयात चष्मा लागतोच. पाण्याची भरलेली कळशी उचलली; पाणी हललं, पण कळशीतलं पाणी कुणाच्याही हातात हलतं. प्रत्येक गोष्टीला काही ना काही सबब सापडायची, आणि सबब सापडली की घटकाभर बरं वाटून मग आधीपेक्षा जास्त भीती वाटायची. डॉक्टरकडे जायचं तिच्या मनात येत होतं आणि ती ते मनातून काढून टाकत होती. डॉक्टर त्याला नाव देतील, आणि एकदा नाव दिलं की ते घरात राहायला येईल, आपल्या ताटाशेजारी ताट मांडून बसेल, असं काहीतरी तिला वाटे. तसं ते एकदा तिच्या घरी राहून गेलेलं होतं.

तिचे वडील तारमास्तर होते. तारघरात आठ तास बोटाने कट्ट कड कट्ट करत ते लोकांचे जन्म-मृत्यू गावोगाव पाठवत. ती नऊ-दहा वर्षांची असताना एकदा जेवणाच्या टेबलावर बाबांचं बोट तसंच वाजू लागलं. बाबा आईशी बोलत होते, बोलण्यात होते, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलाच्या कडेवर आपलं आपण वाजत होतं. तिला केवढा आनंद झाला. बाबा कुणाला तरी गुपचूप तार करताहेत, आणि ती तार घरातल्या घरात आहे, म्हणजे कदाचित आपल्यालाच. बाबांच्या खणातला तारेच्या खुणांचा छापील तक्ता तिने पळवला आणि जेवताना मांडीवर वही ठेवून ती ते बोट उतरवून घेऊ लागली. चार-पाच दिवस उतरवलं. ठिपका, ठिपका, ठिपका, पुन्हा ठिपका. वहीची तीन पानं भरली ती नुसत्या ठिपक्यांनी. रेघ एकही नाही. तक्त्यात बघितलं तर त्यातून कुठलाही शब्द होईना. पाचव्या दिवशी बाबांचं लक्ष तिच्या मांडीवरच्या वहीकडे गेलं. ते रागावले नाहीत. त्यांनी हात टेबलावरून उचलला आणि खिशात ठेवला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ते घरात एका हातानेच जेवत, दुसरा खिशात, जणू त्या खिशात त्यांनी कुणाला तरी दडवून ठेवलं होतं. मोठेपणी रेघा ओढायच्या कामाला आपण का लागलो, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की जाहिरात आली होती.

दर रविवारी बाबा गळाच्या काठ्या बांधत. स्वतःपुरत्या, आणि तारघरातल्या एखाद्या मित्राने मागितली तर त्याच्यासाठी. सकाळी बांधायची, आणि पुरी झाली की पुढच्या रविवारी तळ्यावर जायचं. काठीवर ओळीने तारेच्या कड्या बसवायच्या, त्यांतून मासे धरायची दोरी ओवलेली असते. आणि प्रत्येक कडीचे दोन्ही पाय काठीला बारीक रेशमी दोऱ्याने बांधून काढायचे, वेढ्याला वेढा लावून, मध्ये फट म्हणून नाही. बाबांच्या काठीवरचे ते निळे वेढे वार्निशखाली असे दिसत, की दोरा आहे हे हाताला कळायचं नाही. हे तिला आठवलं ते एका शनिवारी, बसच्या खिडकीतून. आणि आठवलं तसं मनाने पक्कं धरलं, की खरी परीक्षा ही. सुईला डोळ्यांची सबब आहे, कळशीला पाण्याची. वेढ्यांमध्ये फट पडली तर ती फट हाताचीच. वार्निश लावलं की ती कायमची दिसणार, खरवडता येणार नाही.

बस डेपोच्या मागे एक दुकान होतं. पुढच्या बाजूला दोऱ्या, तरंगणारी बुचं, गळ, जाळी. मागे उंच बरणीत उभ्या करून ठेवलेल्या कोऱ्या काठ्या. दुकानदार म्हातारा होता, दोन चष्मे वापरायचा, एक नाकावर आणि एक कपाळावर. आतापर्यंत आपल्या दुकानात बायका आल्या त्या नवऱ्याला शोधायला, असं त्याने सांगितलं. तिने सांगितलं की काठी मलाच बांधायची आहे. त्यावर त्याने खालपासून वरपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि तिने ते पर्सखाली घेतले. त्याला त्यात काही वावगं वाटलं नसावं. त्याने फायबरची एक कोरी काठी काढली, मुठीसाठी बुचाच्या चकत्या, सहा कड्या, टोकाची एक बारकी कडी, वार्निशची बाटली. दोरा कुठल्या रंगाचा हे त्याने विचारलं आणि तिच्या तोंडून "निळा" निघून गेलं.

मग तो तिला शिकवत बसला. प्रत्येक काठीला कणा असतो, म्हणाला, एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा ताठ असते. डोळ्यांना दिसत नाही. आधी तो शोधायचा, खूण करायची, आणि मग त्या खुणेला धरून कड्या लावायच्या. नाहीतर मासा लागला की काठी हातात वळते. त्याने बुंधा जमिनीवर टेकवला, टोक तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आणि उजव्या हाताने मध्ये दाबून काठी वाकवत हळूहळू फिरवायला सांगितली. तिने फिरवली. काठी गुमान फिरत होती आणि एकाएकी तिच्या तळहातात उसळली, जिवंत असल्यासारखी, आणि दुसऱ्या कुशीवर जाऊन पडली. तिने हात झटकन काढून घेतला.

"काठी हलली की मी?" तिने विचारलं.

"काठी. तिला हलायलाच पाहिजे," म्हातारा म्हणाला. "जिथे उसळते तिथे कणा. तुम्ही नुसता हात लावायचा. बाकी तीच सांगते."

घरी नेण्याआधी त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. नवीन माणूस चुकतो तो एकाच ठिकाणी, म्हणाला: तो दोरा काठीभोवती फिरवतो. दोरा फिरवायचा नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन खाचा पाडून त्यांत काठी आडवी ठेवायची, रीळ कपात ठेवायचं, दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांतून ओढून आणायचा म्हणजे तो ताणलेला राहतो, आणि मग काठी फिरवायची. दोरा जागच्या जागी, काठी आपल्याभोवती. आणि घरात एखादी जुनी बांधलेली काठी असेल तर आधी तिची एखादी कडी सोडवून बघा, पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही तेवढं त्यात कळतं. घरात जुनी काठी होती. कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली, बाबांच्या हातची शेवटची. पण ती सोडवायची नाही, असं तिने दुकानाची पायरी उतरतानाच ठरवलं.

घरात तिघं होती. ती, नवरा आणि तिची आई. नवरा बस डेपोत टाइमकीपर. सगळ्या जगाला उशीर होतोय आणि आपण एकटे वेळेवर आहोत, या विश्वासावर त्याचं सुखाने चाललं होतं. काठी बघून त्याने मासे ऐकून हसतील म्हणून सांगितलं, मग खोक्याला खाचा मात्र स्वतः पाडून दिल्या, मोजून मापून. रविवारी दुपारचा चहा तोच करायचा. हल्ली तो तिला कप अर्धाच भरून द्यायचा, आणि तिने त्यावरून दोनदा टोमणाही मारला होता, की डेपोत साखरेबरोबर चहाचंही रेशन सुरू झालंय का. तो म्हणाला होता, गरम असताना संपतो, अर्धा प्यावा. आई खिडकीशी खुर्चीत बसून असे. सत्तरीला आलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला माणसं आकारांनी आणि आवाजांनी कळत.

पहिल्या रविवारी बुचाची मूठ बसली. कणा सापडला, खूण झाली. दुसऱ्या रविवारी तिने पहिली कडी बांधायला घेतली आणि नेमकी तीच चूक केली. खोकं होतं, पुस्तक होतं, सगळं मांडलेलं होतं, पण घाबरलेला माणूस आपल्या सवयीच्या हाताकडे जातो. वीस वर्षं कापड स्थिर आणि हात फिरता होता. तिने दोरा चिमटीत धरून काठीभोवती फिरवला. दहा वेढे झाले, वीस झाले, आणि बाविसाव्या वेढ्यापाशी फट पडली. तिने चष्मा काढून पुसला. फट होती. पुढे दोन वेढे एकमेकांवर चढले होते, पुन्हा फट. म्हणजे हात. की चुकीची रीत? तिने सगळं सोडवलं, दोरा पुस्तकातून ओढून घेतला, काठी फिरवून बांधलं, आणि चांगलं आलं, खरंच चांगलं आलं, खाली मान घालून ती मनात पन्नासपर्यंत मोजत गेली आणि छातीतला दगड जरासा हलला. मग शेवट करायचा होता. शेवटचं टोक वेढ्यांखालून ओढून घ्यायचं, त्यासाठी वेढ्यांवर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने हलकेच ओढायचं. घर गप्प होतं, नवरा ड्यूटीवर, आई डुलकी घेतेय असं वाटत होतं. अंगठा दाबलेला असताना तिला आवाज आला. तिचं पहिलं बोट काठीवर वाजत होतं. टक, टक, टक. अगदी हळू. ठिपका, ठिपका, ठिपका. ती त्या बोटाकडे बघत राहिली. ते तिचं होतं आणि ते तिला विचारत नव्हतं. तिने तो हात उचलला आणि घरच्या गाऊनच्या खिशात घातला, आणि घातल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

त्यानंतर तिने बाबांची काठी खाली उतरवली. ठरवलेलं मोडून का उतरवली, ते तिला सांगता आलं नसतं. आपला हात बिघडला म्हटल्यावर चांगला हात कसा होता ते एकदा जवळून बघावं, कदाचित एवढंच. चादर उलगडली. वेताची काठी, पिवळी पडलेली, मुठीच्या वर वार्निशखाली बाबांच्या अक्षरात सालाचा आकडा: ४९. त्या साली ती दहा वर्षांची होती. बाबा बेचाळीस. कड्या सातही शाबूत, आणि निळे वेढे इतके सारखे की तिला रडू आलं. तिने ऑफिसातून आणलेलं ब्लेड घेतलं आणि टोकाकडच्या एका कडीवरचं वार्निश कापून दोरा सोडवायला सुरुवात केली.

निळा दोरा निघाला आणि खाली काठी दिसायला हवी होती. दिसला दुसरा दोरा. तपकिरी. त्याच्यावर वेगळं, जुनं, मातकट झालेलं वार्निश होतं, आणि त्याखाली वेढे कसे होते, तर पावसात सापडलेल्या माणसांसारखे, कुठेही धावलेले. फटी, एकमेकांवर चढलेले, एके ठिकाणी गाठ मारून पुन्हा सुरू केलेले. तिने दुसरी कडी सोडवली. निळ्याखाली तपकिरी. तिसरी, चौथी. मुठीकडे येत गेली तसे आतले वेढे सुधारत गेले, आणि मुठीजवळच्या दोन कड्यांना निळ्याखाली काहीच नव्हतं. बाबा मुठीकडून टोकाकडे बांधत गेले होते. एकाच काठीवर, काही रविवारांत, त्यांचा हात त्यांना सोडून गेला होता, आणि ते एकोणपन्नास साली. तारघराची नोकरी त्यांनी सोडली एकोणसाठला. मध्ये दहा वर्षं. दहा वर्षं तो खिशातला हात घेऊन ते तारा पाठवत होते, आणि मग सात वर्षं आई त्यांना चमच्याने भरवत होती, आणि तिने मनातल्या मनात त्रेचाळीसमध्ये दहा मिळवले, त्यात सात मिळवले, आणि टेबलाची कड धरली. मग तिला सुचलं की निळे वेढे बाबांचे नाहीत. आयुष्यभर आपण ज्या हाताचं कौतुक केलं तो हात कुणा दुसऱ्याचाच होता.

"सोडवलंस का सगळं?" आईने खुर्चीतून विचारलं. ती जागी होती. ब्लेडचा आवाज तिला ओळखू आला असणार.

ती उठून आईच्या पायाशी जाऊन बसली, सुटलेला निळा दोरा मुठीत घेऊन. आई जे बोलली ते सगळं एका दमात नाही बोलली. मध्ये थांबत, पदराचं टोक चाळवत बोलली. बाबा रविवारी बांधून ठेवत आणि जेवून झोपत. झोपले की आई टेबलाशी बसे. पहिल्यांदा तिने एकच कडी केली, त्यांचा दिवस वाईट गेला म्हणून. मग पुढची. तपकिरी दोरा तिला मिळाला नव्हता, शिवणाच्या डब्यातला निळा होता. तिला वाटलं रंग बघून ते विचारतील. उठल्यावर त्यांनी काठी हातात घेतली, उजेडात फिरवली, आणि म्हणाले, बरी दिसते. मुठीजवळच्या दोन कड्या त्यांच्या चांगल्या होत्या, पण त्या तपकिरी राहिल्या तर उठून दिसतील, म्हणून आईने त्या मात्र सोडवून निळ्याने बांधल्या. त्याचं वाईट वाटतं, म्हणाली, त्या दोन तेवढ्या राहायला हव्या होत्या.

"बाकीचे वेढे का नाही सोडवलेस मग? वरून कशाला बांधलंस?"

"सोडवले असते तर ते त्यांचं राहिलं नसतं," आई म्हणाली. "वरून बांधलं की आत त्यांचंच असतं."

"आणि बाबांना कधी कळलं नाही?"

खालच्या रस्त्यावरून एक बस गेली, खिडकीची काच हलली.

"पाच कड्या झाल्या आणि माझा निळा दोरा संपला. दोन राहिल्या. मी म्हटलं, जाऊ दे, आता कळलं तर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणाच्या डब्यात नवं रीळ होतं. निळंच. मी आणलेलं नव्हतं."

आईने हात पुढे केला आणि अंदाजाने तिचा उजवा हात शोधून काढला, गाऊनच्या खिशातून बाहेर घेतला, आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचं बोट आईच्या तळव्यात वाजत होतं. "उन्हाळ्यापासून तुझी कपबशी वाजते, छोटे," आई म्हणाली. "मला दिसत नाही, पण ऐकू येतं. जावयांनाही ऐकू येत असेल. अर्धा कप कमी वाजतो." तेव्हा तिला चहाचं ते सगळं रेशन आठवलं, आणि आपले टोमणे, आणि त्यावर त्याने गंभीरपणे सांगितलेलं, गरम असताना संपतो. भीती गेली नाही. ती तशीच होती, उलट आता तिला वजन आणि आकार आला होता, सतरा वर्षांचा. पण भीतीत ती एकटी उरली नव्हती. तिच्याबरोबर आणखी दोघं घाबरलेली माणसं उन्हाळ्यापासून तोंडातून अवाक्षर न काढता राहत होती.

नवी काठी तिने पुढच्या सहा रविवारांत पुरी केली. काठी फिरवून, दोरा जागेवर ठेवून. बरेचसे वेढे चांगले आले. तिसऱ्या आणि पाचव्या कडीला फटी राहिल्या, त्या तिने सोडवल्या नाहीत, वार्निश लावून टाकलं. मुठीच्या वर सालाचा आकडा लिहिला. दोन आकडी, तरी आठाचा बाक नीट आला नाही. बाबांच्या काठीला कड्या पुन्हा बांधायचं तिच्याने झालं नाही. ती तपकिरी दोऱ्यासकट चादरीत गुंडाळून परत कपाटावर गेली.

आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली, खुर्चीतच, सकाळचा चहा घेताना. कप फुटला नाही, तिने तो आधी खाली ठेवला होता. दुकानदार म्हाताऱ्याने दुकान पुतण्याला दिलं, पुतण्याने तिथे खेळाचं सामान ठेवलं, आणि उंच बरणीत बॅटी उभ्या राहिल्या. नाना निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी तिला आपलं ब्लेड दिलं, कागदात गुंडाळून; तिने कधी विचारलं नाही, पण नंतर जुनी कापडं चाळताना तिला आपल्या रेघांवर काही ठिकाणी दुसऱ्याच कुणाच्या पद्धतीने खरवडलेले दात दिसले. चौऱ्याण्णवमध्ये खात्यात यंत्रं आली, आणि हाताच्या रेघेची कुणाला गरज उरली नाही. ती तोवर फायलींच्या टेबलावर गेलेली होती. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं. ते नाव घरात राहायला आलं, आणि राहिलं.

नवऱ्याने निवृत्तीनंतर ती फायबरची काठी घेतली आणि तळ्यावर जाऊ लागला. मासे क्वचित आणायचा. म्हणायचा, माशांना वेळ पाळायची सवय नाही. तिचा चहा आता नळीच्या पेल्यात असे. एकदा तो बाजारात गेला होता आणि काठी दाराशी उभी होती. तिने ती जवळ ओढली, मांडीवर आडवी घेतली, आणि तिच्या बोटाला काहीतरी वेगळं लागलं. तिसऱ्या कडीवर तिच्या वेढ्यांवरून कुणीतरी आणखी बांधलं होतं. निळा दोरा, पण शिवणाचा, जाड. आणि काय ते बांधणं. फटी, गाठी, कुठे तीन-तीन वेढे एकमेकांच्या उरावर. तिच्या वाईटात वाईट दिवशीही तिने असं बांधलं नसतं. अजून पाचवी कडी व्हायची होती. रीळ संपलं असावं. आईने त्याला कधी सांगितलं होतं की त्याचं त्यालाच सुचलं, हे तिने विचारलं नाही. तिने काठी होती तशी दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारणीबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, दोन्ही हातांनी धरून एक निळं रीळ आणलं, आणि तो अंघोळीला गेलेला असताना शिवणाच्या डब्यात वरच, सापडेल असं ठेवलं.